ताप आला, म्हणजेच लस लागली का?
(डांग्या खोकल्याच्या लसीवरून प्रतिकारशक्तीचा एक धडा)



आपल्या इंदुरात मराठी मुलांची एक गमतीची अडचण होते. शेजारच्या घरी ‘टीका’ म्हणजे लस, आणि आपल्या घरी टीका म्हणजे दोष काढणे. तिसरीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले, “आज माझ्या लहान बहिणीवर टीका झाली आणि ती खूप रडली.” आम्ही शिक्षक मनसोक्त हसलो. पण नंतर वाटले, लसीवर टीका तर घरोघरी होतेच. तिचे उत्तर द्यायचे काम विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचे आहे.

पूर्वप्राथमिकच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही मुलांचे लसीकरणाचे कार्ड पाहतो. काही कार्डांवर पहिल्या एक-दोन चौकोनांत तारखा असतात आणि पुढे सगळे कोरे. एका आईने कारण सांगितले, “बाई, दीड महिन्याची लस दिली तेव्हा रात्रभर ताप होता हो. मांडी सुजली, बाळ पाय हलवू देईना. मग पुढच्या लसींना नेण्याचा धीरच झाला नाही.” त्याच दिवशी दुसऱ्या एका आजींनी नेमके उलटे विचारले, “आमच्या नातवाला तापच आला नाही. म्हणजे लस लागली नसेल ना? पुन्हा टोचायची का?”

एकीला तापाची भीती, दुसरीला ताप नसल्याची काळजी. दोघींच्या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. सुई टोचल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत शरीरात जो गजर वाजतो, तो समजला की दोन्ही शंका फिटतात. या अंकात आपण तोच गजर समजून घेऊ.

आजींचे म्हणणे कुठून आले?

आधी आजींना न्याय देऊ. त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. त्या काळी देवी काढल्यावर काही दिवसांत तिथे फोड उठला नाही, तर लस लागली नाही असे समजून पुन्हा टोचत असत, आणि ते शास्त्राला धरूनच होते. देवीच्या लसीत जिवंत विषाणू असे. तो त्वचेत वाढला की फोड येई, आणि फोड हीच लस लागल्याची खूण. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि पुढे ती लस बंद झाली. लस गेली, पण ‘खूण दिसली तरच लस लागली’ हा समज घरात राहिला. एका लसीचा नियम दुसरीला लावला, एवढीच काय ती चूक.

डांग्या खोकला आणि दोन शिक्षिका

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, म्हणजे ६, १० आणि १४ आठवड्यांना, सरकारी केंद्रात जी पेंटाव्हॅलंट लस देतात, तिच्यात पाच रोगांविरुद्धचे घटक असतात: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब. आपल्या पिढीला ‘त्रिगुणी’ म्हणून माहीत असलेली लस यातच आली. यांतला ताप आणणारा मुख्य घटक म्हणजे डांग्या खोकल्याचा.

डांग्या खोकला हा ‘बोर्डेटेला पर्टुसिस’ या जिवाणूमुळे होतो. ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये तो वेगळा करून दाखवला. मूल खोकत सुटते, श्वास घ्यायला उसंत मिळत नाही, चेहरा लाल-निळा होतो आणि शेवटी हूप असा आवाज करत हवा आत ओढली जाते. हिंदीत याला ‘काली खाँसी’ म्हणतात. मोठ्या माणसाला तो आठवडेच्या आठवडे छळतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मात्र खोकायचीही ताकद नसते, त्याचा श्वासच थांबतो. या रोगाचे बहुतेक मृत्यू अशा तान्ह्या बाळांचेच होतात.

याची भरवशाची लस तयार करणाऱ्यांत अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावच्या पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींचे नाव अग्रभागी आहे. दोघीही आधी शाळेत शिकवत होत्या, हे आम्ही मुद्दाम अभिमानाने सांगतो! १९३२ पासून, मंदीच्या दिवसांत, प्रयोगशाळेचे रोजचे काम संपवून त्या संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जात आणि मुलांना एका उघड्या काचेच्या बशीवर खोकायला लावून जिवाणू गोळा करत. ते जिवाणू वाढवायचे, मारायचे आणि अख्खेच्या अख्खे लसीत घालायचे, ही त्यांची पद्धत. म्हणून तिला ‘पूर्णपेशी’ लस म्हणतात. अमेरिकेत १९४० ते १९४५ या सहा वर्षांत डांग्या खोकल्याचे दहा लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. लस सर्वत्र पोहोचल्यावर १९७६ या एका वर्षात नोंद झाली ती फक्त १,०१० रुग्णांची.

आपल्या सरकारी केंद्रांत आजही हीच पूर्णपेशी लस देतात. तिने ताप येतो हे खरे. का येतो, ते आता पाहू.

शरीराची दोन पथके

आपल्या शरीरात संरक्षणाची दोन पथके आहेत. पहिले उपजत. ते जन्मापासून तयार असते, मिनिटा-तासांत धावून येते, पण त्याला शत्रूचे नाव-गाव ठाऊक नसते. ‘हा आपल्यातला नाही’ एवढेच ते ओळखते. दुसरे शिकणारे. त्यात बी पेशी आणि टी पेशी येतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात, म्हणून त्यांचे नाव ‘टी’. यांतली प्रत्येक पेशी एखादाच शत्रू ओळखते. एका विशिष्ट जिवाणूचा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखांत एखादीच असते. तिला शोधून, जागी करून, तिची फौज उभारायला अनेक दिवस लागतात. पण एकदा शिकली की ती वर्षानुवर्षे लक्षात ठेवते.

लसीचे काम हेच. रोग न होऊ देता दुसऱ्या पथकाला शिकवायचे. पण शिकवणी सुरू करून देते ते पहिले पथक.

चिठ्ठी, सही आणि सूचना

आपल्या शाळेतलेच उदाहरण घेऊ. शिपाईकाका वर्गावर चिठ्ठी घेऊन येतात. चिठ्ठीत मुलाचे नाव आहे. पण मुख्याध्यापकांची सही नसेल तर वर्गशिक्षिका त्याला सोडत नाहीत. सही असली तरी पुढचा प्रश्न उरतोच: त्याला कुठे पाठवायचे? ग्रंथालयात, मैदानावर की घरी? म्हणजे चिठ्ठीत तीन गोष्टी लागतात: नाव, सही आणि सूचना.

शरीरातल्या शिपाईकाकांचे नाव डेंड्रायटिक पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हात असलेल्या या पेशी त्वचेत आणि स्नायूंत पहारा देत असतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांचे वर्णन केले. बाळाच्या मांडीत सुई टोचली की तिथल्या डेंड्रायटिक पेशी जिवाणूचे तुकडे गिळतात आणि साधारण दिवसाभरात जांघेतल्या लसिकाग्रंथीत पोहोचतात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. तिला आजी ‘अवधाण आले’ म्हणतात. ते ठिकाण हेच. हा शरीराचा वर्गच समजा. टी पेशी तिथे येत-जात असतात.

तिथे डेंड्रायटिक पेशी टी पेशीला तीन गोष्टी दाखवते. पहिली, जिवाणूचा तुकडा: हे नाव. दुसरी, आपल्या अंगावर उगवलेले काही खास रेणू: ही सही. तिसरी, आजूबाजूला सोडलेली इंटरल्युकिन नावाची निरोप्या द्रव्ये: ही सूचना. नाव आहे पण सही नाही, अशा वेळी टी पेशी कामाला लागत नाही. उलट ‘याकडे दुर्लक्ष करायचे’ असे शिकते. ही सोय फार मोलाची आहे, नाहीतर आपण खाल्लेल्या प्रत्येक पोळीशी शरीर लढत बसले असते.

मग सही कधी होते? पहिल्या पथकाने धोक्याचा गजर वाजवला असेल तेव्हाच.

गजराचे बटण कसे सापडले?

लस बनवणाऱ्यांना अनेक वर्षे एक कोडे पडले होते. जिवाणूतले एखादे प्रथिन अगदी शुद्ध करून टोचले, तर शरीर त्याची फारशी दखल घेत नसे. त्यात काही ‘अशुद्ध’ मिसळले की काम होई. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये दाखवले की घटसर्पाच्या लसीत तुरटी मिसळली की तिचा परिणाम वाढतो. हो, आपल्या घरातली, गढूळ पाण्यात फिरवायची तुरटीच! तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचे क्षार लसींत वापरले जातात. अशा मदतनीस पदार्थाला सहायक द्रव्य म्हणतात. पण ते काम का करते, हे सांगता येत नव्हते.

१९८९ मध्ये अमेरिकेतले चार्ल्स जेनवे यांनी सहायक द्रव्याला आपल्या शास्त्राचे ‘लाजिरवाणे गुपित’ म्हटले आणि एक अंदाज मांडला. जिवाणूंमध्ये काही ठरावीक रासायनिक नमुने असतात, जे आपल्या शरीरात नसतात. उपजत पथकाकडे ते नमुने ओळखणारे ग्राही असले पाहिजेत, आणि तो ग्राही चेतवला गेल्याशिवाय टी पेशींची शिकवणी सुरू होत नसावी.

पुरावा आला तो माशीतून. १९९६ मध्ये फ्रान्समधील ज्यूल हॉफमन यांच्या गटाला आढळले की ‘टोल’ नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. (हा टोलनाक्याचा टोल नव्हे; जर्मन भाषेत ‘वा, अफलातून!’ अशा अर्थाचा हा शब्द आहे.) १९९७ मध्ये रुस्लान मेदझितोव्ह आणि जेनवे यांनी माणसातही टोलसारखा ग्राही दाखवला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत सिद्ध केले की जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे द्रव्य टोल-४ या ग्राहीमार्फत ओळखले जाते. हॉफमन, बॉयटलर आणि स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. दुर्दैवाने स्टाइनमन यांचे निधन घोषणेच्या तीनच दिवस आधी झाले होते, आणि समितीला ते ठाऊक नव्हते.

आता त्रिगुणी लसीकडे परत या. पूर्णपेशी लसीत अख्खा मेलेला जिवाणू आहे, म्हणजे त्याच्या आवरणातले एंडोटॉक्सिनही आहे. ते टोल-४ चे बटण दाबते. पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी द्रव्ये सोडतात. ती जागेवर सूज आणतात, आणि त्यांच्यामुळे मेंदूतले तापमानाचे नियंत्रण थोडे वर सरकते. हाच बाळाचा ताप. म्हणजे त्या आईने पाहिलेला ताप म्हणजे बाळाला झालेला रोग नव्हता. तो गजराचा आवाज होता.

गजरावरून तुकडी ठरते

टी पेशी जागी झाली, एवढ्याने भागत नाही. तिला कोणते काम शिकवायचे, हे त्या सूचनांवर ठरते. १९८६ मध्ये टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी दाखवले की मदतनीस टी पेशी एकाच प्रकारच्या नसतात. पुढे, २००५ च्या सुमारास, आणखी एक प्रकार स्पष्ट झाला. आपल्या विषयापुरते तीन प्रकार लक्षात ठेवू:

१) टीएच-१: इंटरल्युकिन-१२ ची सूचना मिळाली की तयार होतात. जंतू गिळणाऱ्या पेशींना बळ देतात, म्हणजे गिळलेला जंतू आतल्या आत मारला जातो.

२) टीएच-२: इंटरल्युकिन-४ च्या सोबतीने तयार होतात. प्रतिपिंडे बनवायला मदत करतात आणि जंतांविरुद्ध उपयोगी पडतात.

३) टीएच-१७: इंटरल्युकिन-१, ६ आणि २३ यांच्या सूचनेने तयार होतात. नाक, घसा, फुप्फुस यांच्या ओलसर अस्तरावर पांढऱ्या पेशींची कुमक बोलावतात.

डांग्या खोकल्याचा जिवाणू कुठे बसतो? नाक-घशाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर. मग त्याला तिथून हुसकायला टीएच-१ आणि टीएच-१७ हव्यात, हे तुमच्या लक्षात आले असेल. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी उंदरांत हे तपासले. ज्यांचा टोल-४ ग्राही निकामी होता, अशा उंदरांत पूर्णपेशी लसीने मिळणारे संरक्षण कमी पडले. लस तीच होती, फक्त पहिला गजर नीट वाजला नव्हता.

ताप टाळणारी लस, आणि तिचा दुसरा पैलू

या ताप-सुजेची भीती फक्त आपल्याच घरात नाही. जपानमध्ये १९७४-७५ च्या हिवाळ्यात लस घेतल्यानंतर दोन बाळे दगावली आणि लोकांनी लसीकडे पाठ फिरवली. ज्या देशात सुमारे ८० टक्के बाळांना लस मिळत होती, तिथे १९७६ पर्यंत ती जेमतेम १० टक्क्यांवर आली. परिणाम? १९७९ मध्ये डांग्या खोकल्याचे १३,००० हून अधिक रुग्ण आणि ४१ मृत्यू. एवढी मोठी शिक्षा भोगल्यावर १९८१ मध्ये जपानने नवी लस आणली. तिच्यात अख्खा जिवाणू नव्हता. त्याची काही निवडक प्रथिने शुद्ध करून अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारासह दिली होती. हिला ‘पेशीविरहित’ लस म्हणतात. आपल्याकडे खासगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ म्हणून मिळते ती हीच. ताप आणि सूज खरोखरच कमी. अमेरिकेने १९९७ पर्यंत बाळांच्या सर्व डोसांसाठी तिची शिफारस केली.

सगळे छान चालले असे वाटत असताना २०१० मध्ये कॅलिफोर्नियात ९,००० हून अधिक रुग्ण निघाले आणि दहा तान्ही बाळे गेली. २०१२ मध्ये साऱ्या अमेरिकेत ४८,२७७ रुग्णांची नोंद झाली. यात वेळेवर सगळे डोस घेतलेली शाळकरी मुलेही होती. नव्या लसीचे संरक्षण काही वर्षांत ओसरत होते.

का, याचे एक उत्तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बबून माकडांवरच्या अभ्यासात मिळाले. पेशीविरहित लस दिलेली माकडे आजारी पडली नाहीत. पण जिवाणू त्यांच्या घशात आठवडेच्या आठवडे राहिला आणि त्यांच्याकडून लस न घेतलेल्या माकडांकडे गेलाही. पूर्णपेशी लस घेतलेल्या माकडांनी तो त्यांच्यापेक्षा लवकर हुसकला. टी पेशी तपासल्या तेव्हा कारण दिसले. पूर्णपेशी लसीने टीएच-१ आणि टीएच-१७ तयार झाल्या होत्या. पेशीविरहित लसीचा कल टीएच-२ कडे होता. चिठ्ठीत नाव तेच होते, सहीही होती, पण सूचना वेगळी होती. एंडोटॉक्सिन काढल्याने गजराचा सूर बदलला आणि तुकडी बदलली.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की ज्या देशांत पूर्णपेशी लस चालू आहे, त्यांनी बाळांच्या पहिल्या तीन डोसांसाठी तीच चालू ठेवावी. याचा अर्थ पेशीविरहित लस वाईट, असा मुळीच घेऊ नका. ती मुलाला गंभीर आजारापासून वाचवते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ती गर्भवती मातांना देतात. आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले, सर्वांत धोक्याचे आठवडे निभावतात. ज्यांच्या बाळाला डॉक्टरांनी ती दिली असेल, त्यांनी निश्चिंत राहावे. पुढचे डोस मात्र वेळेवर द्यावेत.

गजर मोठा की छोटा? नव्हे, योग्य!

मुलांनो, इथे एक घाईचा निष्कर्ष निघू शकतो: ‘जितका ताप जास्त, तितकी लस चांगली.’ हे चूक आहे. ताप हा गजराचा आवाज आहे, शिकवणी नव्हे. कुणाच्या शरीरात तोच गजर आवाज न करताही काम करतो. एकच लस घेतलेल्या दोन बाळांत एकाला ताप येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि दोघांनाही संरक्षण मिळते.

शिवाय नको तेवढा गोंगाटही उपयोगाचा नसतो. करोनाच्या काळात आलेल्या एमआरएनए लसींमागे कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचे २००५ चे संशोधन होते. बाहेरून दिलेला आरएनए उपजत पथकाला फार चिथावतो, म्हणून त्यातला एक घटक किंचित बदलून त्यांनी तो गजर धीमा केला. त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले. उलट, हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये मेलेल्या विषाणूसोबत नुसते अ‍ॅल्युमिनियम न ठेवता, टोल-७ आणि टोल-८ हे ग्राही चेतवणारा रेणू जोडला होता, म्हणजे टीएच-१ कडे कल राहावा. एका लसीत गजर कमी केला, दुसरीत मुद्दाम जोडला. आज लसशास्त्रज्ञ हेच ठरवत असतात: कोणते बटण, किती जोरात आणि कोणत्या तुकडीसाठी.

घरचे प्रश्न

*ताप आला तर?* लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. ताप, सूज, चिडचिड साधारण एक-दोन दिवसांत उतरते. बाळाला अंगावर पाजत राहावे, सैल कपडे घालावेत. सुजेवर काहीही चोळू नये. तापाचे औषध डॉक्टर किंवा परिचारिका सांगतील त्याच मात्रेत द्यावे.

*ताप येऊच नये म्हणून आधीच औषध द्यावे का?* मनाने देऊ नये. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेक प्रजासत्ताकातील ४५९ बाळांच्या अभ्यासात, लसीबरोबर आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लसींविरुद्धची प्रतिपिंडे कमी आढळली. मात्र ताप आलाच आणि बाळ बेचैन असेल, तर सांगितलेले औषध देण्यात कमीपणा नाही.

*डॉक्टरांकडे कधी जावे?* ताप फार वाढला किंवा दोन दिवसांत उतरला नाही, झटके आले, बाळ तीन तासांहून अधिक सलग रडले, मलूल झाले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच. पुढच्या डोसाच्या वेळी ही गोष्ट न विसरता सांगावी.

*या लसीने मेंदूला इजा होते, असे ऐकले आहे.* ही भीती जुनी आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाली असे मानलेले १४ रुग्ण तपासले. त्यांतल्या ११ जणांत अपस्माराशी संबंधित एका जनुकातला दोष सापडला. आजाराचे मूळ लसीत नव्हते. ते जनुकात होते.

*मधले डोस राहिले असतील तर?* पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे सुरू करता येते. टी पेशींनी घेतलेला पहिला धडा वाया गेलेला नसतो. पण तान्ह्या बाळाचा गजर अजून पुरता जुळलेला नसतो, त्यामुळे एका डोसात शिकवणी पूर्ण होत नाही. तीन डोस, मग १६ ते २४ महिन्यांना एक आणि ५ ते ६ वर्षांना एक, अशी उजळणी लागते. शेवटचा डोस येतो तो नेमका पहिलीच्या प्रवेशाच्या सुमारास, आणि सर्वांत जास्त राहतो तो हाच, असा आमचा अनुभव आहे. पुढे १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते. पाचवी आणि दहावीच्या मुलांनी ती लक्षात ठेवावी.

ज्या आईचा उल्लेख वर केला, त्यांना आम्ही एवढेच सांगितले, “ताई, त्या रात्री बाळाच्या अंगात शाळा भरली होती. पहिल्या दिवशी थोडी रडारड होतेच. म्हणून शाळा सोडत नाहीत.” त्या हसल्या आणि पुढच्याच आठवड्यात कार्ड घेऊन आल्या. एक चौकोन भरला होता. आजींनाही सांगितले, “आजी, देवीच्या लसीला फोड उठावा लागे, ते अगदी बरोबर. या लसीला तापाची पावती लागत नाही.”

विश्वस्त मंडळींना एक विनंती. प्रवेशाच्या दिवशी एखाद्या परिचारिकाताईंना शाळेत बोलावून मुलांची कार्डे तपासून घेता आली, तर कोरे चौकोन वेळीच दिसतील. वर्गातले एखादे मूल खोकला घरी घेऊन जाते, तेव्हा घरात कदाचित दोन महिन्यांचे भावंड असते. आपल्या मुलाची लस त्या पाळण्यातल्या बाळासाठीही असते.

थोडक्यात

• उपजत पथकाचा गजर वाजल्याशिवाय टी पेशींची शिकवणी सुरू होत नाही.
• गजर कोणता, यावर टी पेशींची तुकडी ठरते आणि तुकडीवर संरक्षणाचा प्रकार ठरतो.
• ताप हा गजराचा आवाज. तो आला तर घाबरू नये, न आला तर शंका घेऊ नये.
• राहिलेला डोस आजही घेता येतो. कार्ड काढून पाहावे.

सांगा पाहू (आठवी ते दहावीसाठी)

१) चिठ्ठीतील नाव, सही आणि सूचना यांना शरीरात काय म्हणता येईल?
२) शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर त्याची फारशी दखल का घेत नाही?
३) पेशीविरहित लस घेतलेली माकडे आजारी पडली नाहीत, तरी त्यांच्यापासून जिवाणू पसरला. कारण लिहा.

करून पाहा (सर्वांसाठी)

घरातल्या तीन पिढ्यांचे दंड पाहा. आजी-आजोबांच्या दंडावर देवीचा वण आहे का? तुमच्या डाव्या दंडावर बीसीजीचा आहे का? कोणती लस केव्हा घेतली, तेव्हा ताप आला होता का, हे विचारून एक तक्ता करा आणि विज्ञानाच्या तासाला घेऊन या. तक्ता करताना आपले स्वतःचे कार्डही पाहा. एखादा चौकोन कोरा सापडला, तर आईबाबांना दाखवायला विसरू नका.